कॅसेटीत दडलेला जग्वार

दोन बोटांच्या चिमटीत धरता येईल अशी एक काळी कॅसेट. लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी साधारण सव्वातीन, जाडी जेमतेम ८ मिलिमीटर. ज्यांच्या घरात टेपरेकॉर्डरवर भीमसेन जोशींचे अभंग वाजायचे, त्यांना ही बघताच वाटेल की हे आपल्या कॅसेटचं पिल्लू आहे. मापाने ते खरंही आहे. गाण्यांच्या नेहमीच्या कॅसेटपेक्षा ही लांबीलाही निम्मी आणि रुंदीलाही निम्मी. वर चिकटवलेल्या चकचकीत कागदावर टेपच्या रिळांचं चित्र आहे. आता नखाने एक कोपरा अलगद उचलायचा. कोपरा उलगडतो आणि त्याचा पाय होतो. मग दुसरा, तिसरा, चौथा. आत घडी घालून ठेवलेलं डोकं बाहेर येतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन चंदेरी क्षेपणास्त्रं खोचली, की टेबलावर दबा धरून उभा राहतो एक जग्वार. बाजूने पाहिलं तर अंगावर येईल असा. समोरून पाहिलं तर मात्र अगदीच चपटा, कारण ८ मिलिमीटरच्या कॅसेटमधून निघणारं जनावर निघून निघून किती जाड निघणार?

या जग्वारचं नाव रॅव्हेज. १९८४ साली अमेरिकेत खेळणी, कॉमिक आणि कार्टून अशा तिन्ही रूपांत आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा तो एक दुय्यम, खरं तर तिय्यम खलनायक. गोष्ट दोन रोबो सैन्यांच्या लढाईची. ऑटोबॉट सज्जन, डिसेप्टिकॉन दुर्जन, आणि दोघेही मोटारी, विमानं, यंत्रं यांचं सोंग घेऊन पृथ्वीवर लपलेले. ट्रकचा रोबो होणारा ऑप्टिमस प्राइम आणि पिस्तुलाचा रोबो होणारा मेगाट्रॉन हे दोन सेनापती. मेगाट्रॉनच्या हाताखाली साउंडवेव्ह नावाचा टेपरेकॉर्डर, आणि त्या टेपरेकॉर्डरच्या छातीत बसणारी कॅसेट म्हणजे हा रॅव्हेज. म्हणजे चाकराचा चाकर. तरीही या अख्ख्या खेळण्यामागची मूळ कल्पना जितकी त्याच्यात उतरली, तितकी सेनापतींच्यातही उतरली नाही. ती कल्पना जन्मली जपानमध्ये.

ताकारा या जपानी कंपनीची ‘मायक्रोमॅन’ नावाची खेळण्यांची मालिका १९७४पासून बाजारात होती. १९८३मध्ये तिच्यात ‘मायक्रो चेंज’ हा नवा प्रकार आला. विचार साधा आणि भन्नाट होता. हे चिमुकले रोबो माणसांच्या घरात लपतात, तेव्हा ते घरातल्याच वस्तूंच्या रूपात असले पाहिजेत, आणि त्या वस्तू खऱ्या आकाराच्या असल्या पाहिजेत. म्हणून कॅमेऱ्याचा रोबो आला, सूक्ष्मदर्शकाचा आला, वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचा आला (तोच पुढे मेगाट्रॉन झाला), छोट्या टेपरेकॉर्डरचा आला आणि त्यात बसणाऱ्या कॅसेटींचेही रोबो आले. सोनीचा वॉकमन १९७९मध्ये निघाला होता. ऑलिंपसने १९६९मध्ये आणलेली मायक्रोकॅसेट ऑफिसातल्या टिपणांपासून फोनवरचे निरोप साठवण्यापर्यंत सगळीकडे पोहोचली होती. खिशात मावणारा आवाज ही त्या काळातली सगळ्यात नवलाची गोष्ट, आणि जपानी खेळणीकारांनी नेमकी तीच उचलली.

इथे बारकाईने बघण्यासारखं काही आहे. ऑप्टिमस प्राइमचं खेळणं हा खऱ्या ट्रकचा छोटा नमुना आहे. त्याच्याशी खेळताना मुलाला दोनदा मानावं लागतं. आधी मानायचं की हा वीतभर ट्रक खरा आहे, मग मानायचं की त्याचा रोबो होतो. कॅसेटच्या बाबतीत पहिली पायरी लागतच नाही. ती आधीच खऱ्या मापाची आहे. वडिलांच्या टेबलावर, खऱ्या मायक्रोकॅसेटींच्या ढिगात ठेवली तर पटकन ओळखूही येणार नाही. आपल्याकडचा बहुरूपी दारात पोलिसाच्या वेशात उभा राहतो तेव्हा क्षणभर घरातलं माणूस चपापतं, कारण सोंग मापात बेतलेलं असतं. रॅव्हेजचं सोंग तसं वठलेलं आहे.

हॅस्ब्रो ही अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावची खेळण्यांची कंपनी. तिने ताकाराकडून ही खेळणी घेतली. तोवर त्यांना ना ऑटोबॉट-डिसेप्टिकॉन असे गट होते ना त्यांच्या लढाईची गोष्ट. रॅव्हेजचं जपानी नाव नुसतंच ‘जग्वार’ होतं. गोष्ट रचण्याचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे आलं. जिम शूटर यांनी दोन सैन्यांचा आराखडा मांडला, आणि बहुतेक रोबोंची नावं व स्वभाव लिहिण्याचं काम बॉब बुडियान्स्की या तरुण संपादकाच्या अंगावर पडलं. मेगाट्रॉन हे नाव त्यांचंच, रॅव्हेज हेही त्यांचंच.

बुडियान्स्कींचं खरं कसब छोट्या रोबोंवर लिहिताना दिसतं. खेळण्याच्या वेष्टनामागे प्रत्येक रोबोचं चार-पाच ओळींचं व्यक्तिचित्र छापलेलं असे. शेजारी बळ, बुद्धी, वेग यांचा आलेख असे, पण तो लाल रेघांच्या जंजाळात लपवलेला. सोबतची लाल पारदर्शक पट्टी वर धरली की जंजाळ नाहीसं होई आणि आलेख दिसू लागे. हेरगिरीची ही हौस पुरवत मूल ते चित्र वाचायचं. रॅव्हेजबद्दल तिथे काय होतं? तो एकट्याने काम करतो. डावपेच आखण्यात डिसेप्टिकॉनांत त्याच्याइतका धूर्त कोणी नाही. त्याच्या पावलांचा आवाज होत नाही, सावल्यांत तो विरघळून जातो, आणि प्रखर उजेड पडला की मात्र जवळजवळ आंधळा होतो. लेझरबीक या कॅसेटीतल्या गिधाडाबद्दल लिहिलं होतं की तो शूर नाही, धोका दिसला की धन्याकडे पळ काढतो. त्याचाच जोडीदार बझसॉ स्वतःला कलावंत समजतो. रंबल अंगाने छोटा पण दांडगा. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यांना इतका नेमका स्वभाव देण्याची काहीच गरज नव्हती. त्यावाचूनही ती खेळणी खपली असती. बुडियान्स्कींनी ते मन लावून केलं, आणि पुढची ४० वर्षं लेखक त्याच ओळींवर घरं बांधत आले आहेत.

कार्टून मालिका १७ सप्टेंबर १९८४ रोजी सुरू झाली आणि १९८७पर्यंत तिचे ९८ भाग झाले. त्यात रॅव्हेज एक शब्दही बोलत नाही, नुसता गुरगुरतो. साउंडवेव्ह खांद्यावरचं बटण दाबतो, छातीचं दार उघडतं, एक काळी कॅसेट हवेत उडते, उडता उडता उलगडते आणि जमिनीवर टेकते तेव्हा तिचा जग्वार झालेला असतो. दोन-तीन सेकंदांचं काम. पण त्या वेळी टेपरेकॉर्डरचं ‘इजेक्ट’ बटण दाबल्यावर कॅसेट ‘खट्’कन वर येण्याचा अनुभव प्रत्येक मुलाच्या बोटांना होता. पडद्यावर घडायचं ते त्याच्या ओळखीचं होतं, फक्त शेवटी कॅसेटला पंजे फुटायचे.

आवाजाचीही एक गंमत सांगितलीच पाहिजे. मेगाट्रॉनचा घोगरा हुकूम, त्याला साउंडवेव्हचं यंत्रातून गाळलेलं सपाट उत्तर आणि मग रॅव्हेजची गुरगुर, हे तिन्ही आवाज फ्रँक वेल्कर या एकाच कलावंताचे. लेझरबीकचा चीत्कारही त्याचाच, रंबल आणि त्याचा जुळा फ्रेंझीही तोच. १९६९च्या ‘स्कूबी-डू’मधला फ्रेड हा वेल्करचाच आवाज, आणि जनावरांचे आवाज काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. सेनापती, त्याचा सरदार आणि सरदाराचं जनावर एकमेकांशी बोलत असताना माइकपुढे एकच माणूस असायचा.

कथा लिहिणाऱ्यांना या कॅसेटींचा मोठा आधार होता. दर आठवड्याला मेगाट्रॉन नवा कट रचणार, त्यासाठी त्याला बातमी हवी, आणि मेगाट्रॉनने स्वतः ऑटोबॉटांच्या तळावर डोकावून चालत नाही. मग लेझरबीक खिडकीशी बसतो, रॅव्हेज तळघरातून सरकतो, रंबल हातांचे घण करून धरणीकंप घडवतो. ऐकून आणलेलं सगळं साउंडवेव्हमध्ये ‘वाजवून’ दाखवायचं, म्हणजे हेराचा अहवालही टेपवर तयार. या जोडगोळीत प्रत्येकाचं काम त्याच्या रूपातूनच निघालेलं आहे. टेपरेकॉर्डर ऐकतो, कॅसेट साठवते. इतकं घट्ट जमलेलं नातं ट्रान्सफॉर्मर्सच्या मोठ्या पात्रांतही क्वचित सापडतं.

आकाराचा हिशेब मात्र कोणीच लावत बसलं नाही. पडद्यावर रॅव्हेज माणसापेक्षा मोठा, साउंडवेव्ह घराएवढा, आणि रूप पालटलं की दोघेही मुठीत मावणारे. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. परीकथेतला राक्षस माशी होऊन बाटलीत शिरतो तेव्हाही त्याचं वजन कुठे गेलं असं कोणी विचारत नाही.

या सगळ्यामागे धंदा होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. अमेरिकेत एके काळी खेळण्यावर बेतलेलं कार्टून काढणं सोपं नव्हतं. १९६९मध्ये ‘हॉट व्हील्स’ या छोट्या मोटारींवर मालिका आली, तेव्हा प्रसारणावर नजर ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तिचा काही भाग जाहिरात म्हणून मोजायला लावला होता. १९८४मध्ये रेगन सरकारच्या काळात याच आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा काढून टाकली. दार उघडलं, आणि अर्ध्या तासाची गोष्ट हीच अर्ध्या तासाची जाहिरात होऊ लागली. मुलांसाठी १९६८पासून झगडणाऱ्या ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन’ या संस्थेच्या पेगी चॅरेन यांनी या मालिकांवर सडकून टीका केली. ती टीका योग्यच होती. १९९०मध्ये कायदा झाला आणि मुलांच्या कार्यक्रमांत तासाला किती मिनिटं जाहिरात दाखवायची हे पुन्हा ठरलं. रोज दुपारी बालमनाशी असा थेट व्यवहार करणं बरोबर नव्हतं, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं.

कॅसेटींचं स्थान या व्यवहारात नेमकं होतं. त्या जोडीने विकल्या जायच्या. एका वेष्टनात रॅव्हेज आणि रंबल, दुसऱ्यात फ्रेंझी आणि लेझरबीक. साउंडवेव्ह घेतला तर त्याच्यासोबत एकटा बझसॉ मिळायचा. म्हणजे मूल घरी आलं की त्याच्या हातात एक टेपरेकॉर्डर, एक कॅसेट, आणि टीव्हीवर दिसणारे बाकीचे चौघे दुकानात. पुढच्या वाढदिवसाची मागणी आपोआप ठरायची. पण हेही खरं की ज्या घराला मोठा रोबो परवडत नसेल, तिथे दोन छोट्या कॅसेटी तरी येऊ शकत. ऑप्टिमस प्राइम ज्याच्याकडे नाही त्या मुलाच्याही खिशात रॅव्हेज असू शकत होता, आणि तो शाळेत नेता येत होता.

खेळणी आणि कार्टून दोन वेगळ्या हातांनी घडत असल्यामुळे घोटाळेही झाले. सगळ्यात प्रसिद्ध घोटाळा रंबल आणि फ्रेंझी या जुळ्यांचा. खेळण्यात रंबल लाल-काळा आणि फ्रेंझी निळा. कार्टूनमध्ये नेमकं उलटं. ज्याने आधी खेळणं घेतलं त्याच्यासाठी वेष्टनावर छापलेलं खरं, ज्याने आधी मालिका पाहिली त्याच्यासाठी पडदा खरा. या एका प्रश्नावर चाहत्यांचे दोन तट पडले, दोन्ही बाजूंची आद्याक्षरांची घोषवाक्यं तयार झाली, आणि पुढे कंपनीने कधी एका रंगात तर कधी दुसऱ्या रंगात खेळणी काढून दोघांनाही खूश ठेवलं. मुख्य पात्रांबाबत असा घोळ पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झाला असता. छोट्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं म्हणून तो टिकला.

लक्ष नसण्याचा दुसरा परिणाम जास्त मोलाचा ठरला. नायकाचं काय करायचं हे कंपनी ठरवते, तिथे लेखकाचे हात बांधलेले असतात. कोपऱ्यातल्या पात्रावर पहारा नसतो. मार्व्हलच्या कॉमिकमध्ये बुडियान्स्कींनी रॅटबॅट ही वटवाघळाची कॅसेट घेतली आणि तिला इंधनाचा हिशेब तपासणारा अधिकारी केलं. किती लढाया झाल्या यापेक्षा त्यात किती इंधन जळलं, याची त्याला चिंता. आणि हाच हिशेबनीस पुढे काही काळ पृथ्वीवरच्या सगळ्या डिसेप्टिकॉनांचा नेता होतो. त्याच्याहून आडवेतिडवे, तोफा लावलेले रोबो रांगेत उभे, आणि हुकूम देणारा मुठीएवढी कॅसेट. युद्ध हे बळाइतकंच रसदीवर चालतं, हे लहान मुलांच्या कॉमिकमध्ये एका वटवाघळाने सांगितलं.

रॅव्हेजची वेळ आली ती १९९८मध्ये. तोवर मूळ मालिका संपून दशक उलटलं होतं. कॅनडात व्हँकूवरच्या मेनफ्रेम स्टुडिओत ‘बीस्ट वॉर्स’ ही संगणकावर घडवलेली नवी मालिका तयार होत होती. तिच्यातले रोबो जुन्यांचे वंशज, तिच्यातला मेगाट्रॉनही नुसता त्याच नावाचा, पण वेगळाच. ‘द अजेंडा’ या तीन भागांच्या कथेत या नव्या मेगाट्रॉनला पकडायला वरिष्ठांनी एक गुप्तहेर पाठवलेला असतो. तो येतो, रुबाबात बोलतो, काम चोख करतो, आणि मग प्रेक्षकाला कळतं की हा तो जुना रॅव्हेज. ज्याने ९८ भागांत एक शब्द उच्चारला नव्हता, तो आता वाक्यं बोलत होता. कैदेतला मेगाट्रॉन त्याला सोनेरी तबकडीवरचा एक निरोप दाखवतो. निरोप रॅव्हेजच्या मूळ धन्याचा, पहिल्या मेगाट्रॉनचा असतो. तेवढ्याने रॅव्हेजच्या मनातली सगळी वर्षं पुसली जातात. तो बाजू बदलतो, पुन्हा डिसेप्टिकॉन होतो आणि त्याच कथेत स्फोटात मरतो, शेवटचा शब्द आपल्या जुन्या सैन्याचा उच्चारत. आवाज साठवणारी एक कॅसेट, जुना आवाज ऐकून फिरली. लेखकांनी हे जाणून लिहिलं असो वा नसो, त्या प्रसंगात रॅव्हेजचं सगळं आयुष्य आहे.

आयडीडब्ल्यू प्रकाशनाच्या कॉमिकांत तर कॅसेटींनी मोठ्यांना मागे टाकलं. जेम्स रॉबर्ट्स या ब्रिटिश लेखकाच्या २०१२पासूनच्या मालिकेत रिवाइंड या ऑटोबॉट कॅसेटला इतिहास जपणाऱ्याचं काम मिळालं. डोक्याला कॅमेरा, आणि जे घडेल ते टिपून ठेवण्याची ओढ. त्याच्या जातीला सायबरट्रॉन या रोबोंच्या ग्रहावर वापरून फेकण्याजोगी समजत. त्याचा जोडीदार क्रोमडोम याच्याशी असलेलं त्याचं नातं रॉबर्ट्सनी इतक्या जिव्हाळ्याने रंगवलं, की २०१३मध्ये रिवाइंडचा मृत्यू झाला तेव्हा वाचक हळहळले. मागे उरला तो त्याने क्रोमडोमसाठी रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप. आणि जॉन बार्बर यांनी साउंडवेव्हचं पूर्वायुष्य लिहिताना धनी-चाकराचं नातंच उलटं केलं. सगळ्यांच्या मनातले विचार कानावर आदळत असल्याने वेडापिसा होऊन रस्त्यावर पडलेल्या साउंडवेव्हला सावरतात ते रॅव्हेज आणि त्याचे सोबती. त्यांनी त्याला एका आवाजावर मन रोखायला शिकवलं. पुढे तो त्यांना छातीशी ठेवतो, ते उगीच नाही.

मधल्या काळात एक मोठी अडचण उभी राहिली होती. कॅसेट नावाची वस्तूच घरांतून नाहीशी झाली. वस्तू नाही तर तिचं सोंग कशाचं? प्रत्येक पिढीच्या खेळणीकारांनी यावर आपापला तोडगा काढला. २००७मध्ये ताकारा टोमीने साउंडवेव्हचा खरोखर गाणी वाजवणारा एमपी-थ्री प्लेअर काढला. पुढे रॅव्हेजचा पेन ड्राइव्ह आला, संगणकाला लावला की चालणारा आणि उलगडला की जग्वार होणारा. १९८३मध्ये ज्या कल्पनेतून तो जन्मला, तिच्याशी इतकं इमान राखणारा दुसरा अवतार झाला नाही. टेबलावरची खरी वस्तू, खऱ्या मापाची, आणि या वेळी तर खरोखर काम करणारी. एका कार्टून मालिकेत तर कॅसेटीच्या जागी लेझरबीकची इलेक्ट्रिक गिटार झाली.

चित्रपटांतला प्रवास खडतर होता. २००७च्या चित्रपटात फ्रेंझी हा गाणी वाजवणारं यंत्र होऊन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विमानात शिरतो. २००९मध्ये साउंडवेव्ह उपग्रह झालेला असतो आणि रॅव्हेज अंतराळातून पृथ्वीवर येऊन हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या तळात चोरी करतो. दोन्ही प्रसंग थरारक आहेत, पण छातीतून उडणारी कॅसेट त्यांत नाही, आणि तिच्याविना रॅव्हेज हे आणखी एक धातूचं श्वापद उरतं. २०१८च्या ‘बम्बलबी’ची सुरुवातीची काही मिनिटं ज्यांनी चित्रपटगृहात पाहिली, त्यांना हा फरक लगेच जाणवला असेल. सायबरट्रॉन ग्रहावर लढाई पेटलेली, निळा साउंडवेव्ह पुढे येतो, त्याची छाती उघडते आणि रॅव्हेज झेप घेतो. प्रेक्षकांतल्या कित्येक मुलांनी आयुष्यात कॅसेट पाहिलेली नव्हती. पेन्सिल घालून टेप गुंडाळणं त्यांना ठाऊक नव्हतं. झेप मात्र त्यांना समजली.

१९८४चा मूळ रॅव्हेज आजही जुन्या खेळण्यांच्या बाजारात मिळतो. चकचकीत कागद सोललेला, पायांचे सांधे ढिले झालेले. संग्राहक सगळ्यात आधी विचारतात ते त्या दोन चंदेरी क्षेपणास्त्रांबद्दल, कारण बहुतेक वेळा तीच नसतात. जग्वारची कॅसेट करायची तर क्षेपणास्त्रं काढून बाजूला ठेवावी लागत. त्यांना कॅसेटच्या आत जागाच नव्हती. मूल ती काढून गादीवर ठेवायचं, कॅसेट साउंडवेव्हच्या छातीत सरकवायचं, दार लावायचं आणि बटण दाबायचं. रॅव्हेज ‘खट्’कन बाहेर यायचा, आणि पुन्हा शोध सुरू व्हायचा, क्षेपणास्त्रं कुठे गेली.